आठ तासांचा वळसा

ठाणे,
२ ऑगस्ट १९९८

प्रिय मलकाताईस,
रेचलचा शालोम.

आधी खुर्चीवर बस. उभ्याने वाचू नकोस. मी लग्न करते आहे.

हो, मीच. तुझी धाकटी बहीण, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका. फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन राल्फच्या खोलीत, आणि तुझ्याकडचा तुझ्या लेकाच्या, नेतानेलच्या उशाशी. दोन्हीकडे पहारा. म्हणून पत्र.

नवरा कोण, तर डॅनियल वाक्रूळकर. सणासुदीला सिनेगॉगमध्ये पुढे उभा राहून प्रार्थना म्हणतो तो. गोदीतून रिटायर झाला, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. रोज संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला भेटतो आणि माझ्याशी भांडतो. शाळेत तीस वर्षं माझ्याशी भांडायची कुणाची छाती झाली नाही. हा बेधडक म्हणतो, "बाई, तुमचं चुकतंय." आणि कधीकधी माझं खरंच चुकलेलं असतं. मला फार बरं वाटतं गं ताई.

आता कडू बातमी. आपल्या दादाची दोन्ही पोरं फिरली आहेत. राल्फ आणि मोझेस, ज्यांना मी न्हाऊमाखू घातलं, दादा गेल्यावर ज्यांची फी भरली, ज्यांची लग्नं लावून दिली, ते म्हणतात, "आत्या, लोक तोंडात शेण घालतील." राल्फची बायको तर म्हणाली, "देवदेव करायच्या वयात हे काय!" मी म्हटलं, देवदेव करतानाच तर भेटला.

काल मोझेसने चारचौघांत सांगून टाकलं: "आत्याचं माहेर म्हणजे आम्हीच ना? आम्ही उभे राहणार नाही. बघू कोण मेंदी लावतं ते." ताई, मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही, घालणारही नाही. पण मेंदीच्या रात्री नवरीच्या बाजूची चटई रिकामी, आणि समोर वाक्रूळकरांचं सगळं गोत, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलत नाही.

लग्न सणांनंतर, ३ नोव्हेंबरला. मंगळवार आहे, आपल्यात शुभ वार. मेंदी सोमवारी रात्री.

तू ये. तू आलीस की माहेर आलं.

तुझी,
रेचल

•

बेर्शेबा,
१९ ऑगस्ट १९९८

रेचल, माझे बाय,

बसले, वाचलं, उठले आणि खणखणीत टाळी वाजवली. बत्या आतून धावत आली, तिला वाटलं मी पडले. सून माझी मोरोक्कोवाल्यांची, तिला मराठी ओ की ठो कळत नाही. पण कार्टी हुशार. माझं तोंड बघून म्हणाली, "लग्न?" मग तिने दारात उभं राहून जीभ हलवत असा काही आनंदाचा लुलुलू केला की खालच्या मजल्यावरची शोशी वर आली. तुझं लग्न आमच्या इमारतीत साजरं झालं सुद्धा!

त्या दोन गाढवांना माझा निरोप सांग. म्हणावं, तुमच्या बापाच्या पाठीवर मी धपाटे घातले आहेत, तुमच्या पाठी अजून कोऱ्या आहेत. म्हणे माहेर म्हणजे आम्ही! अरे, उचलली जीभ लावली टाळ्याला. थोरली बहीण अजून जिवंत आहे.

मी येणार. पण इथे एक धोंड आहे, ती म्हणजे माझा लेक. नेतानेल म्हणतो, नाही म्हणजे नाही. म्हणतो मुंबईचं विमान आठ तासांचं, आई, तुला झेपणार नाही. मी ठणठणीत आहे गं. रोज बाजारात चालत जाते, भाजीवाल्याशी भांडते, पिशव्या उचलून आणते. मग नको का म्हणतो? विचारलं की तोंड फिरवतो. इस्रायलात आला तेव्हा दहा वर्षांचा होता, माझ्या पदराला धरून विमानातून उतरला. आता मला विमानात चढू देत नाही.

तू भूगोलवाली आहेस. खरं सांग, आठ तास लागतात का?

तुझी ताई,
मलका

•

ठाणे,
३ सप्टेंबर १९९८

ताई,

तुझं पत्र आलं आणि मी माळ्यावरून शाळेचा जुना ॲटलास काढला. मुंबई आणि तेल अवीवमध्ये दोरा ताणून धरला, स्केलवर मोजला. चार हजार किलोमीटर आणि वर थोडे. विमान तासाला नऊशेच्या आसपास जातं. पाचवीतलं पोरही सांगेल: पाच तास, फार तर फार. आठ कुठून आले?

शिवाय पुरावा देते. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या खानबाई मागच्या वर्षी हजला गेल्या. मुंबईहून जेद्दाला पाच तासांच्या आत उतरल्या. नकाशात जेद्दाहून तुमचा देश वीतभर सुद्धा नाही. मग मधले तीन तास काय विमान गिरक्या घेत बसतं?

तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एक, तुझा लेक नाथू तुला थापा मारतो आहे. त्याला सुट्टी नसेल, खर्च नको असेल, किंवा म्हाताऱ्या मावशीच्या लग्नाची त्यालाही लाज वाटत असेल. दुसरी गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तुलाच यायचं नसेल. तसं असेल तर स्पष्ट सांग, लेकाच्या आड लपू नकोस. मला राग येईल आणि जाईल. पण मंगळवारी मी तुझी वाट बघत बसले आणि तू आली नाहीस, तर तो राग जायचा नाही.

डॅनियल म्हणतो, ताईंना असं लिहू नका. मी म्हटलं, तुम्ही आमच्या बहिणींच्या मधे पडू नका, नवीन आहात.

रेचल

•

बेर्शेबा,
१५ सप्टेंबर १९९८

आदरणीय रेचलमावशी,
शालोम.

मी नेतानेल. मराठी लिहायची सवय गेली. चौथीपर्यंत शिकलो तेवढीच आहे. चूक झाली तर माफ करा.

तुमचं पत्र आईने शुक्रवारी रात्री सबाथच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचलं. मला खोटारडा म्हणाली. एफ्रत, माझी मुलगी, सैन्यातून सुट्टीवर घरी आली होती. तिच्यासमोर म्हणाली. आई मग जेवली नाही. मीपण नाही.

मावशी, मी थाप मारत नाही. तुमचा दोरा बरोबर आहे पण विमान दोऱ्यावरून जात नाही. आमच्या आणि तुमच्या मधे सौदी आहे. आमच्या विमानाला त्यांच्या आकाशात जायची परवानगी नाही. म्हणून ते आधी खाली दक्षिणेला तांबड्या समुद्रावरून जातं, अरबस्तानला पूर्ण वळसा घालतं, मग मुंबईकडे वळतं. आठ तास लागतात. दुसरी विमानं युरोपात नेऊन परत आणतात, ती आणखी लांब.

आणि दुसरं. आईने तुम्हाला सांगितलं नसेल. मागच्या हिवाळ्यात तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली. हॉस्पिटलात होती. गुठळी फुप्फुसात गेली असती तर ती आज नसती. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, विमानात पाच तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, त्याच्यावर मी जबाबदारी घेणार नाही. मला आईने शपथ घातली होती की ठाण्याला कळवायचं नाही. ती शपथ मी आज मोडली.

तुमच्या लग्नाची मला लाज वाटत नाही. आनंद आहे. पण मला एकच आई आहे. ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही तिला येऊ नको म्हणा.

तुमचा,
नेतानेल

•

ठाणे,
२७ सप्टेंबर १९९८

चि. नाथूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मराठी तुझ्या दोन्ही मामेभावांच्या मराठीपेक्षा चांगलं आहे, आणि मन तर आहेच.

तीस वर्षं मी पोरांना दोऱ्याने अंतर मोजायला शिकवलं. नद्या शिकवल्या, डोंगर शिकवले. आकाशालाही कुंपणं घालतात हे एकदाही शिकवलं नाही. तू थापा मारतोस म्हटलं, ते परत घेते. हा कसला द्राविडी प्राणायाम रे! सरळ रस्ता समोर दिसतोय आणि माणसांनी उगाच अर्धा अरबस्तान हिंडायचं. मला इतका संताप आला की पत्र वाचून मी ॲटलास भिंतीवर फेकला. बांधणी सुटली.

तिच्या पायाचं वाचून मात्र तिचं मागचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मला काही म्हणजे काही बोलली नाही ती. पिशव्या उचलते म्हणे!

तू सांगितलंस तसं करते. सोबत तिच्यासाठी वेगळं पाकीट आहे, ते दे. त्यात मी लग्न मोडल्याचं लिहिलं आहे. ते खोटं आहे. साधं येऊ नकोस म्हटलं तर ती धावत येईल, तिला मी माझ्या जन्मापासून ओळखते. लग्न मोडलं असं म्हटलं तरच थांबेल.

लग्न मोडलेलं नाही, मोडणारही नाही. मंगळवारी मी उभी राहणार, माझ्या बाजूला कुणी असो वा नसो. पलीकडच्या खानबाई मेंदी भिजवायला येते म्हणाल्या आहेत. राल्फ-मोझेस खिडकीतून बघून हसतील, हसू देत. मी रडणार नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

आईला जप.

तुझी,
रेचलमावशी

•

ठाणे,
२७ सप्टेंबर १९९८

ताई,

लग्न मोडलं. डॅनियल मुलीकडे पुण्याला राहायला गेले. दोघांच्या विचाराने ठरलं, कुणाचा दोष नाही. तू येऊ नकोस. मी बरी आहे.

रेचल

•

बेर्शेबा,
१४ ऑक्टोबर १९९८

रेचल,

खोटारडे!

तुझा रेडिओ मोडला तेव्हा तू मला तीन पानं लिहिली होतीस. दुरुस्तीवाल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि त्याने कुठली वायर कशी चुकीची जोडली ते सगळं. आता लग्न मोडलं आणि पाच ओळी? वर "कुणाचा दोष नाही"? तू, आणि कुणाला दोष देणार नाहीस? अगं, तू पावसालासुद्धा दोष देतेस!

मी ते कागदाचं चिटोरं घेऊन नेतानेलपुढे उभी राहिले. एवढा मोठा बाप्या, सैन्यात टँक चालवलेला, माझ्यासमोर लाल झाला. सगळं कबूल केलं. मग आम्ही भांडलो ते असं की शोशीने खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

माझ्या पायाचं तुझ्यापासून लपवलं, खरं आहे. तुझ्या लग्नाच्या पत्राला उत्तर म्हणून मी गुठळीची बातमी पाठवू? इतकी दळभद्री मी नाही. त्या पायाचे आता दोन नियम आहेत, गोळ्या घ्यायच्या आणि एका जागी फार वेळ बसायचं नाही. बस्स. लेकाने त्याचा कायदा करून ठेवला, मुंबई बंद.

आता ऐक.

मागच्या आठवड्यात कुपत होलिमच्या, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात रक्त तपासायला गेले होते. शेजारी रहात गावची एक बेदुईन अरब बाई बसली होती, उम्म सालेम. ओळख झाली. तिचं हिब्रू माझ्यासारखंच, अर्धं हातवाऱ्यांनी. मी तिच्यापाशी माझं रडगाणं गायले: बहिणीचं लग्न, पाय, सौदीवरून जायला बंदी, आठ तास. ती म्हणाली, "मला कुठे बंदी आहे? मी हजला गेले की." मी म्हटलं, अगं तू पण याच देशाची ना, पासपोर्ट तोच ना? तर म्हणाली, आमची माणसं नदीवरच्या पुलावरून जॉर्डनमध्ये जातात, तिथून पुढे. जॉर्डनच्या विमानाला सौदीने आकाश बंद केलेलं नाही.

रेचल, मी तिचा मुकाच घेतला!

तशीच उठले, तिकीटवाल्याकडे गेले. जॉर्डनच्या अम्मानहून मुंबई, थेट, तुझ्या दोऱ्यावरून. चार तास पन्नास मिनिटं. तिथून परत दवाखान्यात. माझी डॉक्टरीण रशियाहून आलेली आहे, जन्मात हसली नसेल. कागदावर चार-पन्नास वाचलं आणि हसली. म्हणाली, जा, पण जमिनीवर दर तासाला उतरून चाल, विमानात फेऱ्या मार, आणि निघायच्या दिवशी सुई टोचून घे. लिहून, सही करून दिलं.

नेतानेल म्हणाला, "आई, जॉर्डन? एकटी? ते शत्रू आहेत."

मी म्हटलं, "होते. तह झाला ना? टाळ्या वाजवल्यास ना टीव्हीपुढे? मग मी त्या तहावरून चालत जाते, बघू माझं वजन पेलतो का."

तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. बत्या बोलते. तेल अवीवला जाऊन माझा भारताचा व्हिसा तिनेच आणला. त्यांच्यातही नवरीची मेंदी असते, तिला सांगावं लागलं नाही.

रविवारी, १ नोव्हेंबरला निघते. उत्तर लिहू नकोस, पोचायचं नाही. फोन करायचा असेल तर राल्फच्याच खोलीतून कर, त्याला ऐकू दे.

आणि खानबाईंना म्हणावं मेंदी भिजवा, पण लावणार मी.

तुझी ताई,
मलका

•

ठाणे,
५ नोव्हेंबर १९९८

चि. नेतानेलास,
आईचे आशीर्वाद.

पोचल्याचा फोन केला तेव्हा तू "बेसेदेर, बेसेदेर", ठीक आहे, ठीक आहे, म्हणून ठेवून दिलास. पण ठेवायच्या आधी तुझा श्वास ऐकला मी. म्हणून हे सविस्तर.

बेर्शेबाहून पुलापर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस, पण दर तासाला न सांगता गाडी थांबवलीस आणि माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेने चाललास. तेवढं बोलणं पुरलं मला. पुलापलीकडे एका जॉर्डनी शिपायाने पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "इंडिया?" मी म्हटलं, "इंडिया, बहिणीचं लग्न." तो म्हणाला "मबरूक", म्हणजे अभिनंदन, आणि माझी बॅग स्वतः उचलून टॅक्सीत ठेवली. एवढाच तुझा शत्रू भेटला मला.

विमानात मी इतक्या फेऱ्या मारल्या की हवाईसुंदरी म्हणाली, आजी, तुम्ही चालतच मुंबईला निघालात का? खाली सौदी होती. खिडकीतून पाहिली. आपल्या नेगेवसारखीच वाळू रे, दुसरं काही नाही. याच्यावरून जाऊ देत नाहीत म्हणून माणसं आपापल्या बहिणींना मुकतात! मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. शेजारचा माणूस झोपला होता म्हणून गप्प राहिले.

पाय थोडा सुजला, रात्रीत उतरला. इथल्या डॉक्टरला दाखवलं, ठीक आहे म्हणाला. कागद जपून ठेवला आहे, नाहीतर तू विश्वास ठेवायचा नाहीस.

आता मेंदीचं. सोमवारी रात्री वाक्रूळकरांकडची चाळीसएक माणसं आली. समोर रेचलची चटई, आणि तिच्यावर एकटी मी. खानबाई मेंदीची वाटी घेऊन कडेला बसल्या होत्या. राल्फ आणि मोझेस उशिरा आले, बायकांना घेऊन, आणि दाराशीच उभे राहिले. आत येईनात, जाईनातही. डॅनियलच्या म्हाताऱ्या चुलत्याने रीतीप्रमाणे विचारलं, "नवरीच्या माहेरचं कोण?"

मोझेसने घसा खाकरला. तो तोंड उघडायच्या आत मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मी."

एवढंच म्हटलं. पुढे भाषण तयार करून आणलं होतं, सबंध विमानात पाठ केलं होतं, सगळं विसरले. रेचलच्या उजव्या हाताचं बोट धरलं, मेंदीत बुडवलं, वर कापड बांधलं. ती रडली नाही. मीच रडले, भोकाड पसरून, सत्तरीला आलेली बाई. मग खानबाई रडल्या. मग राल्फची बायको चप्पल काढून आत आली आणि गुपचूप चटईच्या टोकाला बसली. नवरा दारातच राहिला. राहू दे, त्याचे पाय आहेत.

मंगळवारी सिनेगॉगमध्ये. तुला आपली रीत ठाऊक आहे, पांढऱ्या साडीतली नवरी आत येते आणि तिला बघून नवरा गाणं म्हणतो. नवरीने नुसतं चालायचं, बोलायचं नाही. डॅनियलने सुरू केलं. काय आवाज आहे रे त्या माणसाचा! रेचल मधल्या वाटेवर अर्ध्यात आली आणि तो अडकला. पुढची ओळ येईना. मागून कुणीतरी खुसकन हसलं. कोण ते मी बघितलं नाही, बघितलं असतं तर त्याची खैर नव्हती.

आणि नेतानेल, तुझी मावशी चालता चालता गायला लागली. पदरातून, खणखणीत, शाळेत हजेरी घेते त्या आवाजात. जिथे त्याने सोडलं तिथून पुढे. प्रार्थना चालवणारा म्हातारा हजान तिच्याकडे बघतच राहिला. बाईने असं गायचं नसतं, नवरीने तर नाहीच. कुणाची अडवायची हिंमत झाली नाही. डॅनियल रडत होता आणि हसत होता. मग दोघं मिळून म्हणायला लागले. मीही लागले, माझा सूर तुला माहीत आहे. ती वेदीपर्यंत पोचली तेव्हा गात नसलेली फक्त दोन माणसं होती, आणि ती दाराशी होती.

मी अजून तीन आठवडे इथे आहे. परतही त्याच वाटेने येणार, आत्ताच सांगून ठेवते. डॉक्टरांचं ऐकेन, तुझंही ऐकेन, पण कुणी नुसतं "जाता येत नाही" म्हणालं तर विचारीन, का नाही, आणि कुठून नाही. तू मला जपायला निघाला होतास, ते कळतं मला. पण माझी बहीण चाळीस माणसांसमोर एकटी बसली असती आणि मी बेर्शेबात दोन्ही पाय शाबूत ठेवून बसले असते, तर ते पाय मला काय कामाचे होते?

ती एकटी नव्हती. आता काय ओरडायचं असेल ते ओरड.

तुझी,
आई